घेर पोटाचा, भार घराचा

लग्नानंतर जावई जरा भरला की सासरची मंडळी खूश होतात. 'लग्न मानवलं हो!' असे कौतुकाने म्हणतात. नातू गुटगुटीत असला की आजी त्याची दृष्ट काढते. सुटलेले पोट हे खात्यापित्या घराचे लक्षण, ही समजूत ज्या काळात रुजली त्या काळात ती अगदीच चुकीची नव्हती. दुष्काळ, पटकी आणि क्षयाच्या त्या दिवसांत अंगावरची थोडी चरबी म्हणजे अडीनडीला ठेवलेली पुंजी होती. आज मात्र ती पुंजी कर्जासारखी वागू लागली आहे. या कर्जाचे हप्ते ज्याचे पोट सुटले तो एकटा भरत नाही, त्याचे सगळे घर भरते.

लठ्ठपणामुळे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार होतो हे आता वाचकांना पाठ झाले आहे. त्यामुळे आज आजारांची यादी बाजूला ठेवून पैशांचा आणि माणसांचा हिशेब मांडू. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात काम करताना हा हिशेब रोज समोर येतो. बाहेर पैसे संपले की अनेक कुटुंबे शेवटी आमच्याच दारात येतात.

कमावत्या वयातला आजार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनदार किंवा लठ्ठ आहेत. २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण सुमारे २१ आणि १९ टक्के होते. गोव्यात तर साधारण दर तीन प्रौढांमागे एक जण या गटात मोडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि पोटावर घातक चरबी असलेल्यांची संख्या ३५ कोटींच्या घरात आहे.

यातला पोटाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. त्याचे कारण पुण्यातल्या एका प्रसिद्ध उदाहरणातून समजते. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंची आणि वजन यांच्या गणितातून निघणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की अतिवजन आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका सुरू होतो.

या ठेवणीचा आर्थिक परिणाम मोठा आहे. पाश्चात्त्य देशांत मधुमेह आणि हृदयविकार ज्या वयात गाठतात, त्याच्या साधारण दशकभर आधी ते आपल्याला गाठतात. म्हणजे निवृत्तीनंतर नव्हे, तर घराचे हप्ते चालू असताना, मुले दहावी-बारावीत असताना आणि गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवावे लागत असताना.

बिलात न दिसणारा खर्च

उपचारांच्या खर्चाबाबत परिस्थिती काहीशी सुधारली आहे, हे मान्य करायला हवे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले. डायलिसिसची सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचली. पण अशा योजनांचा भर प्रामुख्याने रुग्णालयातल्या उपचारांवर आहे. बुडालेली मजुरी कोणतीही योजना भरून देत नाही.

समजा, एक रिक्षाचालक आहे. तिशीत पोट सुटले, छत्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या. सेहेचाळिसाव्या वर्षी मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. डायलिसिस मोफत आहे. पण एका वेळेचे चार तास, येणे-जाणे आणि नंतरचा थकवा धरला तर पूर्ण दिवस जातो. दिवसाची कमाई आठशे रुपये धरली तर वर्षाला १०४ दिवसांचे ८३,२०० रुपये बुडाले. त्याला सोबत लागते म्हणून बायकोने चार घरची पोळीभाजीची कामे सोडली. तिचे उत्पन्न थांबले. धाकट्या भावंडांचे करायला मोठ्या मुलीने कॉलेज सोडले. तिच्या पुढच्या तीस वर्षांच्या कमाईत किती घट झाली, हे कोणत्या बिलावर लिहायचे?

उदाहरण हिशेबासाठी घेतले आहे, पण अशी घरे आमच्या वॉर्डात शोधावी लागत नाहीत. डायलिसिसच्या खाटांशेजारी स्टुलावर कोण बसले आहे ते पाहावे. बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. आणि बाईच आजारी असेल तर ती अनेकदा एकटी येते, तेही घरातले सगळे आवरून, उशिराने.

गुडघ्यांचेही तसेच. वजन एक किलोने वाढले की चालताना गुडघ्यावर दर पावलाला सुमारे चार किलो जास्त भार पडतो. दहा किलो वाढले की चाळीस. धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायकांचे सगळे काम बसण्या-उठण्याचे. पन्नाशीच्या आत गुडघे गेले की काम सुटते. 'हल्ली घरीच असते' एवढ्या तीन शब्दांत तिची कमाई संपते.

घोरण्याचे उदाहरण तर कोणी खर्चात धरतच नाही. मानेभोवती आणि घशात चरबी साठल्याने झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो. घरच्यांना वाटते, माणूस गाढ झोपला आहे. प्रत्यक्षात त्याची झोप रात्रभर तुटत असते आणि दिवसा त्याला पेंग येते. हा माणूस ट्रकच्या किंवा बसच्या चाकामागे असेल, तर किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुटुंबाला मोजावी लागते.

असे सगळे खर्च जगभरासाठी एकत्र मांडण्याचा प्रयत्न 'वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशन'ने २०२३ मध्ये केला. उपचार, बुडालेले कामाचे दिवस आणि अकाली मृत्यू धरून २०३५ पर्यंत हा बोजा वर्षाला ४.३२ लाख कोटी डॉलरवर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास तीन टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे.

टोमण्यांची किंमत

काही नुकसान पैशांत मोजता येत नाही. लठ्ठ मुलाला शाळेत नावे पडतात, मग ते मैदानावर जायचे टाळते. मैदान सुटले की वजन आणखी वाढते. मुलींच्या वाट्याला हे जास्त येते. स्थळ पाहताना मुलाचे पोट कोणी पाहत नाही, मुलीचे वजन मात्र आधी विचारतात. लग्न जवळ आले की उपाशी राहणे, जाहिरातीतली पावडर, कोणीतरी सुचवलेला काढा असे प्रकार सुरू होतात. पाळी अनियमित झाली किंवा मूल राहायला वेळ लागला तर दोष तिच्या 'सुटलेल्या अंगा'वर टाकून सगळे मोकळे होतात.

टोमण्यांनी वजन उतरत नाही. लाज वाटलेली व्यक्ती तपासणीला यायचे टाळते, एवढेच होते. 'जिभेवर ताबा नाही' असे म्हणून विषय संपवणाऱ्यांनी आपला बाजार आणि आपले रस्ते एकदा नीट पाहावेत.

ताटापेक्षा पाकीट पुढे

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत एक बोलका आकडा आहे. ग्रामीण कुटुंबांच्या मासिक खर्चातला ९.६ टक्के वाटा पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवर गेला. धान्यावर गेला ४.९ टक्के. शहरांत हेच प्रमाण १०.६ आणि ३.६ टक्के होते. रेशनवर धान्य स्वस्तात किंवा मोफत मिळते, हे याचे एक कारण आहेच. तरी घरातला पैसा कुठे चालला आहे ते यातून कळते. पाच रुपयांत बिस्किटांचा पुडा किंवा वेफर्सचे पाकीट वाडीवस्तीवरच्या टपरीतही मिळते. पाच रुपयांत पोटभर फळ मिळत नाही. पहाटे घर सोडून लोकलने दोन तास जाणाऱ्या माणसाला फलाटावरचा वडापाव सोयीचा वाटतो, त्यात नवल ते काय?

हालचालीचेही तसेच आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आहे. पदपथावर गाड्या उभ्या, बागेत दिवे नाहीत आणि संध्याकाळी सातनंतर एकटीने फिरायला जायचे म्हटले की घरचे काळजीत. अशा ठिकाणी 'रोज चाला' हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड.

स्वस्त उपाय आधी

दिलासा देणारी गोष्ट अशी, की सुरुवातीचे उपाय स्वस्त आहेत आणि ते उपयोगी पडतात याचे पुरावे आपल्याच देशातले आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारातला बदल आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. गोळीनेही साधारण तेवढाच फायदा झाला. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे ध्येय ठेवले होते. तिथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. म्हणजे ८० किलोच्या माणसाने पाच-सहा किलो उतरवले तरी पुष्कळ. बारीक होण्याची गरज नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची सध्या मोठी चर्चा आहे. ती परिणामकारक आहेत आणि ठरावीक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर द्यावीत. पण मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले तेव्हा त्याचा महिन्याचा खर्च सुरुवातीच्या मात्रेलाच १४ हजार रुपयांच्या आसपास होता, आणि औषध थांबवले की उतरलेले वजन बऱ्याच अंशी परत येते. कोट्यवधी लोकांचा प्रश्न इंजेक्शनने सुटणार नाही.

घरात करण्यासारखे बरेच आहे. दिवसाला चार-पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर झाली. मर्यादा आहे २५ ग्रॅमची. तेलाचा डबा महिन्यात किती दिवस पुरतो हे लिहून ठेवावे. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास खर्च ठेवता आला तर उत्तम. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे आपले जुने जेवण आजही चांगले आणि परवडणारे आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. घरातल्या कामात बाई दमते, पण धाप लागेल इतकी सलग हालचाल त्यात क्वचित होते. म्हणून तिच्या अर्ध्या तासासाठी घरातल्या इतरांनी कामे वाटून घ्यायला हवीत.

सरकारच्या वाट्याचे काम मात्र सरकारनेच करायला हवे. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरयुक्त पेयांवर कर लावल्यावर त्यांची खरेदी घटली. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेल्या पाकिटांवर काळा इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे गोड शीतपेयांवर ४० टक्के कर आहे, पण सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत बिस्किटे आणि फरसाण यांवरचा वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आणला गेला. शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला महाराष्ट्राने २०१७ मध्येच मनाई केली. फाटकाबाहेरच्या दुकानाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर साध्या मराठीत स्पष्ट इशारा, चालता येतील असे पदपथ आणि शाळेच्या वेळापत्रकात रोज मैदानाचा तास, या तीन मागण्या प्रत्येक नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे करण्यासारख्या आहेत.

तोवर एक काम आजच करता येईल. शिवणाच्या डब्यातला टेप काढून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा बेंबीच्या पातळीवरचा घेर मोजावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावा. तो ९० किंवा ८० च्या पुढे असेल आणि वय तिशीच्या वर असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तिथे मोफत होते. आणि जाताना घरातल्या बाईलाही सोबत न्यावे, नाहीतर तिची तपासणी नेहमीप्रमाणे राहून जाईल.