‘जैसे थे’ कराराचे वर्ष आणि पैनगंगेचा काठ

आजचा हिंगोली जिल्हा १९४७ साली निजामाच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. वाटाघाटींना मुदत मिळाली. तिचे व्याज सीमेवरच्या गावांनी भरले. रझाकारांच्या भयाने अनेक कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाडात आश्रयास गेली.

व्यापाऱ्यांची अडचण निराळीच होती. संस्थानाचे चलन हाली. सात हाली रुपयांना सहा कलदार हा रूढ भाव. निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले व पाकिस्तानला २० कोटींचे भारतीय रोखे कर्जाऊ दिले. भारताने दोन्ही गोष्टी करारभंग मानल्या. दुकान मागे टाकून निघालेल्याच्या उधारीचा विचार मात्र कोणत्याच मसुद्यात नव्हता.

जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या खटपटीने झालेला, निजामास बराच अनुकूल मसुदाही त्याने नाकारला. ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला चर्चा सुरू झाली, तोवर भारतीय फौजा शिरून तीन दिवस झाले होते. १७ तारखेला निजाम शरण आला.

त्यानंतरही रक्तपात थांबला नाही. पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळातील व नंतरच्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला; त्यांत बहुतांश मुसलमान. शेजारचा नांदेड सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक होता. रझाकारांचे अत्याचार सांगणाऱ्या मराठवाड्यात हा आकडा क्वचितच उच्चारला जातो. समितीचा अहवालही अनेक दशके अप्रकाशित राहिला.