उजाड वस्ती पुन्हा वसवताना

मुले मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर काय खेळतात हा विषय निघाला की आम्हा शिक्षकांचा आवाज आपोआप चढतो. पालकसभेत आम्ही स्वतः या विषयावर कितीतरी वेळा बोललो आहोत. त्यामुळे आज आम्ही एका कॉम्प्युटर गेमवर लिहितो आहोत, आणि तेही तक्रारीसाठी नाही, याचे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू येईल.

झाले असे की, ईदला आपा आणि त्यांचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे आले होते. भाचा सत्तावीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. रात्री एक वाजता आम्ही पाणी प्यायला उठलो तर बाहेरच्या खोलीत लॅपटॉप चालू. पडद्यावर वाळवंटातले एक गाव, आणि हा वहीत आकडे लिहीत बसलेला.

"काय चाललंय हे?"

"खाला, हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा आहे. काहीतरी चुकलंय."

आम्ही त्याला झोपायला पिटाळले. सकाळी उरलेला शिरखुर्मा खाताना मात्र त्याला नीट विचारले, आणि तासभर ऐकतच राहिलो.

त्या खेळाचे नाव 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'. गाजलेल्या इंग्रजी चित्रपटमालिकेवर बेतलेला हा खेळ जून 2003 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. हजारो लोक आपापल्या घरून एकाच वेळी त्यात येत. सुरुवातीलाच दहा ग्रह होते आणि एकेक ग्रह कित्येक किलोमीटर लांब-रुंद. चालत ओलांडायचा म्हटला तर खरोखर तासन् तास लागावेत! पण आम्हाला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. या खेळात प्रत्येकाने लढलेच पाहिजे असे नव्हते. तीसहून अधिक व्यवसाय होते. कोणी शिंपी, कोणी वैद्य, कोणी घरे बांधणारा, कोणी नर्तक. लढून थकलेला माणूस नर्तकापुढे बसल्याशिवाय पुरता ताजातवाना होत नसे. कपडे, हत्यारे, घरे, जवळपास सगळे खेळाडूच बनवत आणि एकमेकांना विकत. म्हणजे तो खेळ कमी आणि बाजारपेठेचे गाव जास्त होते.

नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून सगळा खेळच बदलून टाकला. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ झाले. ज्यांनी वर्षभर खपून एखादा हुन्नर कमावला होता, त्यांचा हुन्नरच नाहीसा झाला. जुने लोक दुखावले, पुष्कळ निघून गेले. शेवटी 15 डिसेंबर 2011 रोजी कंपनीने सर्व्हर कायमचे बंद केले.

आता सर्व्हर बंद होणे म्हणजे काय, हे आम्हालाही तेव्हाच कळले. विकत घेतलेली सीडी तर लोकांच्या घरात होतीच. तिच्यात डोंगर, इमारती, प्राण्यांची रूपे, संगीत असे सगळे होते. पण कोणत्या चौकात कोण उभा आहे, कोणत्या टेकडीवर कोणता प्राणी फिरतो आणि तो मारल्यावर काय मिळते, हे सीडीत नव्हते. ते कंपनीच्या कॉम्प्युटरवर होते. ते बंद पडले आणि घरे शिल्लक राहिली, माणसे गेली.

काही चाहत्यांनी 2005 च्या बदलांनंतरच ठरवले होते की आपण आपला सर्व्हर लिहायचा आणि मोडतोड होण्याआधीचा खेळ परत उभा करायचा. त्या प्रकल्पाचे नाव 'एसडब्ल्यूजीएमू'. काम विनामोबदला, आणि लिहिलेला प्रोग्राम कोणालाही पाहता येईल असा उघडा. आमचा भाचा प्रोग्रामिंग शिकण्याच्या निमित्ताने तिथे पोचला. मूळ खेळ तो कधीच खेळलेला नव्हता.

वस्ती कशी वसवतात ते त्याने आम्हाला दाखवले. एका माणसासाठी एक ओळ. त्या ओळीत ग्रहाचे नाव, त्या पात्राचे नाव, ते मेले तर किती सेकंदांनी परत यावे तो आकडा, जागा सांगणारे तीन आकडे, तोंड कोणत्या दिशेला तो आकडा, आणि इमारतीच्या आत असेल तर खोलीचा क्रमांक. बस्स. अशा ओळींमागून ओळी. दिशेचा आकडा चुकला की दुकानदार गिऱ्हाइकाकडे पाठ करून भिंतीशी बोलत राहतो. भाच्याची वही याच आकड्यांनी भरली होती.

पण हे आकडे आणायचे कुठून? कंपनीने काही दिले नव्हते. मग कोणी जुन्या हार्डडिस्कमधून फोटो काढले, कोणी 2004 साली मित्रांसोबत केलेला व्हिडिओ शोधला, कोणी त्या काळी छापलेले मार्गदर्शक पुस्तक. फोटोत मागे, कोपऱ्यात, कोणाचे लक्षही नसलेला एक पहारेकरी उभा असतो. तोच पुरावा! नुसती आठवण पुरत नाही, कारण आठवणी भांडतात. एक म्हणतो तो प्राणी फार चिवट होता, दुसरा म्हणतो छे, दोन फटक्यांत मरायचा. आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे हे आम्हाला ओळखीचे वाटले. एखाद्या जुन्या दीवानाची चार हस्तलिखिते समोर ठेवून एकेक मिसरा पडताळायचा, तशीच ही मेहनत.

आणि खरे सांगायचे तर आमच्या शाळेची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी वार्षिक अंकासाठी जुन्या शिक्षकांची यादी हवी होती, आणि जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्लेली. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना निरोप धाडले. कोणी गुणपत्रक आणले त्यावर सही होती, कोणी ग्रुप फोटो, एका आजींनी तर निरोपसमारंभाचे मानपत्र आणून दिले. यादी झाली. दोन नावांवर मात्र अजून वाद आहे आणि आम्ही ती पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.

ओळी लिहून पात्रे उभी राहिली तरी गाव भरत नाही, हेही भाच्याने सांगितले. शिंपी हवा, त्याला कातडे आणून देणारा हवा, कातड्यासाठी गेलेला जखमी झाला तर वैद्य हवा. ही खरी माणसे. ती आली नाहीत तर दहा ग्रह नुसते सुनसान. म्हणून तिथले जुनेजाणते नवख्याला फुकट कपडे देतात, सोबत फिरवतात. आमच्याकडे नव्या सुनेला शेजारणी करतात तसेच.

हक्काचा प्रश्न आम्ही विचारलाच. खेळ तर कंपनीचा, मग हे चालते का? तो म्हणाला, सर्व्हरचा प्रोग्राम यांनी स्वतः लिहिला, पण चित्रे-संगीत कंपनीचे. म्हणून खेळणाऱ्याकडे स्वतःची मूळ सीडी असलीच पाहिजे असा त्यांचा नियम. आमचे पूर्ण समाधान झाले नाही. मालकाची मर्जी फिरली तर काय? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचा 'नॉस्टॅलरिअस' नावाचा चाहत्यांचा सर्व्हर एप्रिल 2016 मध्ये कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. पुढे 2019 मध्ये त्याच कंपनीने जुना खेळ स्वतः परत आणला, हा भाग वेगळा. उलट 'सिटी ऑफ हीरोज' हा 2012 मध्ये बंद झालेला खेळ चाहत्यांनी चालवला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या 'होमकमिंग' सर्व्हरला कंपनीने रीतसर परवाना दिला. आम्हाला विचाराल तर दुसरी वाट सरळ. ज्याची वस्तू त्याची परवानगी.

रात्रीच्या जागरणाबद्दल आमचे मत तेच आहे. आपांनीही त्याला चांगलेच सुनावले. साडेअकराला लॅपटॉप मिटायचा असे ठरले, आणि तो म्हणे बऱ्यापैकी पाळतो.

निघण्याआधी त्याने आम्हाला त्या वाळवंटी गावातून फिरवले. दारूच्या गुत्त्यात जायचे नाही असे आम्ही बजावल्यावर तो हसला आणि बाजाराकडे वळला. वाटेत एक हिरव्या झग्यातली व्यक्ती थांबली आणि तिने हात हलवला. भाच्याने बटण दाबून हात हलवला.

"कोण ते?"

"माहीत नाही, खाला. जर्मनीत असेल, ब्राझीलमध्ये असेल."

तीन आठवड्यांनी त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तोच दुकानदार, तीच भिंत. आता तिच्याकडे त्याची पाठ होती.