लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ रशिया

लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ रशिया (संक्षेप: एलडीपीआर) हा रशियातील एक राष्ट्रवादी राजकीय पक्ष आहे. नावात ‘उदारमतवादी’ व ‘लोकशाही’ असे दोन्ही शब्द असले तरी प्रबळ केंद्रसत्ता आणि जुन्या साम्राज्याच्या सीमांचे आकर्षण हीच त्याची खरी ओळख होय. १९९३ पासून प्रत्येक राज्य दुमात (४५० सदस्यांचे कनिष्ठ सभागृह) या पक्षाचे सदस्य निवडून आले आहेत.

स्थापना

सोव्हिएत राज्यघटनेतील साम्यवादी पक्षाची मक्तेदारी मार्च १९९० मध्ये संपुष्टात आली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मॉस्को येथे या पक्षाची स्थापना झाली. व्लादिमिर झिरिनोव्स्की हे त्याचे अध्यक्ष झाले व ६ एप्रिल २०२२ रोजी निधन होईपर्यंत पक्षाची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. त्यामुळे पक्षाचा इतिहास हा बव्हंशी एका व्यक्तीचा इतिहास आहे. १९९१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते सुमारे ७.८ टक्के मते मिळवून तिसरे आले.

१९९३ ची निवडणूक

डिसेंबर १९९३ मध्ये पक्षयादीच्या मतदानात एलडीपीआरने २२.९ टक्के मतांसह पहिला क्रमांक पटकावला. येल्त्सिन यांच्या समर्थकांच्या ‘रशियाज चॉइस’ला १५.५ टक्के मते पडली. महागाई, थकलेले पगार आणि महासत्तापद गमावल्याची सल यांतून आलेला हा कौल होता. त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात झिरिनोव्स्कींनी रशियन सैनिक हिंदी महासागराच्या उबदार पाण्यात बूट धुतील, असे स्वप्न रंगवले होते. मात्र त्याच दिवशी सार्वमताला टाकलेल्या येल्त्सिन यांच्या राज्यघटनेला त्यांचा पाठिंबा होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

संसदेतील भूमिका

भाषणात जहाल आणि मतदानात सरकारला अनुकूल, असे या पक्षाच्या संसदीय वर्तनाचे वर्णन करता येईल. मे १९९९ मध्ये येल्त्सिन यांच्यावरील महाभियोगाला ३०० मते आवश्यक होती. चेचन्या युद्धाच्या आरोपावर २८३ मते पडली. एलडीपीआरने महाभियोगाला साथ दिली नाही. अवघ्या १७ मतांनी ठराव फसला. पुतिन यांच्या काळात अशा पक्षांना ‘व्यवस्थेतील विरोधक’ म्हटले जाऊ लागले.

पक्षाचे बळ सतत खालीवर होत राहिले: १९९९ मध्ये १७ जागा, २०११ मध्ये ५६, तर २०१६ मध्ये ३९. २०२१ मध्ये यादीतील मतांत (७.५५ टक्के) पक्ष तिसरा होता, परंतु २१ जागांमुळे सभागृहात चौथ्या स्थानी गेला.

या भूमिकेची कसोटी खाबारोव्स्क प्रांतात लागली. २०१८ मध्ये तेथे पक्षाचे सेर्गेई फुर्गाल यांनी सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’च्या विद्यमान गव्हर्नरांना पराभूत केले. जुलै २०२० मध्ये जुन्या खून प्रकरणांत फुर्गाल यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले. हजारो नागरिक अनेक आठवडे रस्त्यावर उतरले. झिरिनोव्स्कींनी दुमात राजीनाम्यांचा इशारा दिला, तो प्रत्यक्षात आला नाही. उलट रिक्त पदावर पुतिन यांनी नेमलेले मिखाईल देग्त्यारेव हे एलडीपीआरचेच होते. २०२३ मध्ये फुर्गाल यांना २२ वर्षांची शिक्षा झाली.

झिरिनोव्स्कींनंतर

मे २०२२ मध्ये दुमाच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष लिओनिद स्लुत्स्की यांची पक्षाध्यक्षपदी निवड झाली. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना ३ टक्क्यांच्या आसपास मते मिळून ते चौथ्या, म्हणजे अखेरच्या, स्थानी राहिले.