विश्लेषण : मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक आणि वर्गातले प्रात्यक्षिक कसे निवडावे?

इंग्रजी पाठ्यपुस्तकातली उदाहरणे अमेरिकेतली, मराठी पुस्तकांतल्या संज्ञा एकमेकींशी न जुळणाऱ्या आणि परीक्षा जवळ आली की हातात गाइड. नांदेड-लातूरकडे कला शाखेत मानसशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची ही नेहमीची वाट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अभ्यासक्रमाची मांडणी बदलली. त्यामुळे कोणते पुस्तक लावायचे आणि वर्गात काय करून दाखवायचे, हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

पुस्तक कोण ठरवते?

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अभ्यासक्रम विषयाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि सोबत संदर्भग्रंथांची यादी देते. यादीतले नेमके कोणते पुस्तक वर्गात उघडायचे, हे मात्र बहुतेक वेळा शिक्षकच ठरवतात. रॉबर्ट बॅरन किंवा सिकारेली यांची पुस्तके चांगली आहेत, पण मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला ती पहिल्या वर्षी झेपतातच असे नाही. मराठी पुस्तके झेपतात, पण एकात ‘संवेदन’ म्हणून आलेली संज्ञा दुसऱ्यात ‘अवबोध’ होऊन येते. यावर साधा उपाय म्हणजे एक मराठी पुस्तक मुख्य धरायचे आणि प्रत्येक प्रकरणातल्या वीसेक संज्ञांचा मराठी-इंग्रजी तक्ता वर्गानेच तयार करायचा.

पुस्तक पारखायचे कसे?

मुखपृष्ठावरची ‘सुधारित आवृत्ती’ ही अक्षरे फारशी उपयोगाची नाहीत. तीन-चार पाने उघडली की पुस्तकाची पत कळते. पहिले पान ऋण प्रबलनाचे. मोटारीत पट्टा लावताच टोचणारा बीप-बीप आवाज थांबतो, म्हणून पट्टा लावण्याची सवय पक्की होते. हे ऋण प्रबलन. ते जर ‘शिक्षा’ म्हणून समजावले असेल तर पुस्तक बाजूला ठेवावे. दुसरे पान १९६४ मधील किटी जेनोवीझ खुनाचे. ३८ जण खिडकीतून पाहत राहिले, ही कथा जशी सांगितली जाते तशी पुराव्यात सापडत नाही, असे ब्रिटिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. झिम्बार्डो यांच्या १९७१ च्या तुरुंग प्रयोगावरही गंभीर आक्षेप आहेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले सुमारे शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसेच ठोस निष्कर्ष निघाले. याचा उल्लेखही नसलेले पुस्तक विज्ञान शिकवत नाही, गोष्टी सांगते.

आणखी एक पान कायद्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. परीक्षेचा ताण घरोघर माहीत असलेल्या लातुरात या प्रकरणात जुना मजकूर चालणार नाही.

महागड्या साहित्याशिवाय प्रात्यक्षिक होते का?

होते. स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग कार्डशीट आणि स्केचपेनावर भागतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा, विचारायचे ते शाईच्या रंगाचे नाव. वाचन आपोआप होते, ते आड येते आणि उत्तराला उशीर लागतो. नांदेडमध्ये हा प्रयोग अमेरिकेतल्या वर्गापेक्षा रंगतदार होऊ शकतो, कारण इथल्या रस्त्यांवर देवनागरी, रोमन, उर्दू आणि गुरुमुखी पाट्या दिसतात, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूही. हेच शब्द या लिप्यांत लिहून कार्डे करावीत. जी लिपी वाचताच येत नाही, तिथे अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. जी सर्वांत सवयीची, तिथे तो सहसा जास्त. एकच खबरदारी : अर्ध्या वर्गाने देवनागरीपासून सुरुवात करावी, अर्ध्याने दुसऱ्या लिपीपासून. नाहीतर सरावाने आलेला वेग लिपीच्या नावावर जमा होईल. मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते.

स्मृतीसाठी किल्लारी वापरावे का?

पाठ्यपुस्तकात धक्कादायक घटनांच्या आठवणींसाठी चॅलेंजर यानाचा स्फोट असतो. १९८६ मध्ये दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेल्या हकिगती नायसर आणि हार्श यांनी सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारल्या. ४४ पैकी ११ जणांचे काहीच जुळले नाही आणि तरी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. लातूरमध्ये याला समांतर म्हणून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लगेच सुचते. पण तो मोह टाळलेला बरा. वर्गातल्या कुणाच्या घरातली माणसे त्या भूकंपात गेली असतील, हे आधी कळायचा मार्ग नसतो.

पाण्याची रेल्वे त्या मानाने सोयीची. मिरजहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. महिना कोणता, वाघिणी किती, गाडी स्वतः पाहिली की टीव्हीवर, हे मुलांनी आधी लिहावे आणि मग ग्रंथालयातल्या त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहावे. यात एक उणीव राहते, ती म्हणजे स्वतःच्या पहिल्या हकिगतीची नोंद कुणाकडेच नसते. ती हवी असेल तर पहिल्या वर्षी एखाद्या ताज्या, निरुपद्रवी घटनेबद्दल दुसऱ्याच दिवशी लिहून घ्यावे, पाकिटे बंद करून विभागाच्या कपाटात ठेवावीत आणि त्याच मुलांना तिसऱ्या वर्षी तेच प्रश्न विचारावेत.