एलिया, एलियाहू, इलियास

दादरच्या पोर्तुगीज चर्चजवळ राहणाऱ्या एका ख्रिस्ती मित्राने मला एकदा विचारले, "तुमच्या कुराणात आमचा एलिया कसा काय?" मी म्हटले, "तुमच्याकडे तरी तो कुठून आला?" दोघेही हसलो. उत्तर मात्र मशीद बंदरला होते.

तिथे सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेले बेने इस्रायली ज्यूंचे प्रार्थनालय आहे. ते त्याला मशीदच म्हणत. स्टेशनाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली'. आडनावे दिवेकर, पेणकर, घरात मराठी. शुभकार्याला किंवा नवस फेडताना ते पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करतात आणि स्मरण करतात एलियाहू हन्नबीचे. 'नबी' हा शब्द हिब्रूत तोच, अरबीतही तोच.

हा एलिया गिलादचा, म्हणजे इस्राएली. यशया, यिर्मया, आमोसही इस्राएलीच. ख्रिस्ती धर्मशास्त्र हे नाकारत नाही. ते त्यावरच उभे आहे. मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते ते अब्राहाम आणि दावीद यांच्या वंशावळीने. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार नाकारला, तेव्हा चर्चने मार्सियनलाच नाकारले.

तरीही घोटाळा झाला. जोडाभर चपलांच्या मोलाने गरिबाला विकणाऱ्यांना आमोसने झोडपले, ती आपल्याच माणसांची कानउघाडणी होती. आईने लेकराला रागवावे आणि तेच शब्द उचलून शेजाऱ्याने त्याला बदडावे, तसे युरोपात झाले. संदेष्ट्यांचे बोल शतकानुशतके ज्यूंविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले गेले. अखेर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की ज्यूंना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये. येशूचे पहिले शिष्य ज्यूच होते, याचीही तिने आठवण करून दिली.

आम्ही तरी कुठे वेगळे? कुराणात इलियासचे नाव दोनदा आदराने येते. बनी इस्राईलची कानउघाडणीही येते आणि ती वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवणारे आमच्यातही आहेत. नबी रागावतो तेव्हा त्याच्यासमोर मीच उभा आहे, असे समजून वाचावे, हे मला त्या मित्राच्या प्रश्नाने शिकवले.

आता तो 'आमचा एलिया' म्हणत नाही. मीही 'आमचा इलियास' म्हणत नाही. ज्यांच्या घरातून तो आला, त्यांची थोडीच कुटुंबे आज मुंबईत उरली आहेत. त्यांची ओळख ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.