नाक दाबलं की तोंड उघडतं

श्वास आणि झोप : लेखांक ९

आज सीपॅप मशीनच्या, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकातून दाबानं हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या, कार्डावरचे आकडे वाचायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. नांद्याहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्यातल्या एका वाक्यानं मला बरेच दिवस दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

बाई लिहितात : मशीन लावून तीन महिने झाले, घोरणं थांबलं, दुपारी पेपर वाचता वाचता मान पडायची तीही थांबली. पण पहाटे चारला नाक गच्च होतं, कपाळ जड होतं आणि डोळ्यांच्या खाली ठणकतं. ‘मला आधी कधी सायनस नव्हता, हा मशीनमुळे झाला का? सर्दी वाढू नये म्हणून मी मशीनची पाण्याची टाकी कोरडीच ठेवते, तरी फरक नाही.’

मला अडवलं ते या शेवटच्या वाक्यानं. असं करणाऱ्या बाई एकट्या नाहीत. मीही पहिलं दीड वर्ष टाकी कोरडी ठेवून झोपत होतो आणि वर शहाणपणा केल्याचं समाधान मिरवत होतो.

आधी ‘सायनस’चा निकाल लावू. आपल्याकडे ‘मला सायनस आहे’ असं सांगायची पद्धत आहे. म्हणजे ‘मला गुडघा आहे’ म्हटल्यासारखंच. सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधोमध आणि पार आत कवटीच्या तळाशी, अशा पोकळ्यांच्या चार जोड्या. आत पातळ ओलं अस्तर, त्यावर डोळ्यांना न दिसणारी लव, आणि ती लव रात्रंदिवस शेंबूड दाराकडे लोटत असते. गालातली पोकळी तर बांधकामाचा नमुना आहे : खोली मोठी, पण मोरी जमिनीलगत काढायच्या ऐवजी छताजवळ काढलेली. पाणी उतारानं जाणार नाही, झाडून वर चढवावं लागणार. ही झाडलोट लव करते. अस्तर वाळलं की लव मंदावते, आणि मोरीच्या तोंडाशी सूज आली की काही मिलिमीटरची ती वाट बंदच होते. मग डोळ्यांखाली ठणका. बाईंचं दुखणं तिथलं.

आता प्रश्न असा की अस्तर वाळवलं कोणी?

नाक हा मोठा हिशेबी अवयव आहे. दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा आपण आत घेतो. ती फुप्फुसाशी पोहोचेपर्यंत सदतीस अंश गरम आणि पुरती ओली व्हावी लागते. हे पाणी नाकाचं अस्तर पदरचं देतं. पण श्वास सोडताना तीच ओली हवा थंड अस्तरावरून परत जाते आणि दिलेल्या ओलाव्यातला काही भाग तिथेच ठेवून जाते. देणं-घेणं चालू असतं, म्हणून नाक दिवाळखोर होत नाही.

मशीन लावल्यावर झोपेत तोंड उघडलं तर हा हिशेब कोलमडतो. मशीन नाकातून हवा ढकलतंय आणि ती सरळ तोंडावाटे बाहेर पळतेय. नुसती श्वासाची हवाही नाही. शांत झोपेत मिनिटाला सहा-सात लिटर पुरतात, पण तोंडातून गळती असली तर मशीन दाब टिकवण्यासाठी मिनिटाला तीस-चाळीस लिटर जास्तीचे ओतत बसतं. सगळा वारा एकाच दिशेला. नाकातून देणं चालू, परत येणं शून्य. बघता बघता अस्तर कोरडं पडतं, आणि नाकाला त्यावर एकच उपाय ठाऊक आहे : आतल्या मांसल घड्यांत रक्त भरायचं, फुगायचं, वाट अरुंद करायची. आपण त्याला ‘नाक चोंदलं’ म्हणतो. चोंदलं की तोंड आणखी उघडतं. तोंड उघडलं की गळती वाढते, गळतीनं नाक आणखी चोंदतं. नाक दाबलं की तोंड उघडतं हे आपण सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांना लावतो. या एका ठिकाणी ती म्हण शब्दशः खरी आहे, आणि उलटीही तितकीच खरी.

हे माझं तर्कट नव्हे. हे मशीन शोधणारे, पहिल्या लेखातले सिडनीचे कॉलिन सलिव्हन आठवत असतील. १९८० साली व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर लावून, रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क चिकटवणारे, आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिकत छापणारे. त्यांच्याच मंडळींनी १९९६ मध्ये ही तोंडाची भानगड मोजली. नाकाला मशीन लावून माणसांना मुद्दाम तोंडानं हवा सोडायला लावली. दहा मिनिटांत नाकातला अडथळा कित्येक पटींनी चढला. आत जाणारी हवा गरम आणि ओली केली तेव्हा मात्र तो फारसा चढलाच नाही. हे वाचलं त्या रात्री उठून मी माझी टाकी भरली.

बाई, तुमच्यावर मशीननं सायनस आणला नाही. कोरड्या टाकीनं आणला असावा.

‘पण ओल म्हणजे सर्दी!’ हे मला आजवर इतक्यांनी ऐकवलंय की आता मी उलट विचारतो : सर्दी झाल्यावर तुम्ही काय करता? पातेलं उकळून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेता ना? मशीनची टाकी म्हणजे रात्रभराचा मंद वाफाराच. फक्त त्यात ओवा, निलगिरी, कापूर, बाम यांतलं काहीही टाकायचं नाही. ते तेल सात तास फुप्फुसात ढकललं जाईल, शिवाय टाकीचं प्लॅस्टिक जाईल ते वेगळंच. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवा, तिला माझी हरकत नाही.

टाकीच्या ओलाव्याचा आकडा किती ठेवायचा हे गावावर आणि महिन्यावर ठरतं. पुण्याजवळच्या आमच्या लवळ्यात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेव्हा माझा आकडा दोन असतो. कोजागिरीनंतर टेकड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलं की चार. दिवाळी झाली, सिंबायोसिसच्या टेकडीवरचे दिवे पहाटे धुक्याशिवाय लख्ख दिसायला लागले की पाच. होळीपर्यंत तिथेच. पुण्यात पेठेत राहणाऱ्या माझ्या भावाला याच दिवसांत तीन पुरतो. आमच्याकडे रात्री पारा जास्त उतरतो, आणि गार हवेत मुळात पाणीच कमी मावतं.

पाणी कोणतं, हा प्रश्न मला मशीनपेक्षा जास्त विचारला जातो. डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम. पण इन्व्हर्टरवाल्याकडचं ‘बॅटरीचं पाणी’ आणू नका. ते बॅटरीसाठी असतं, माणसानं हुंगण्यासाठी नव्हे. डिस्टिल्ड नसेल त्या दिवशी उकळून गार केलेलं चालवून घ्या. बोअरचं असेल तर आठवड्यात टाकीच्या तळाला पांढरा थर धरेल, तो व्हिनेगरच्या पाण्यानं निघतो. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतायचं, टाकी उपडी ठेवायची. शिळ्या पाण्यावर नवं पाणी ओतायची सवय माठालाही वाईट आणि टाकीलाही.

एक कबुलीही देऊन टाकतो, म्हणजे कोणी ती चूक करणार नाही. कोरड्या टाकीच्या त्या दिवसांत मी नाकात थेंब घालायचो, झायलोमेटाझोलीनचे. औषधाच्या दुकानात मागितले की हातात पडतात, कोणी काही विचारत नाही. दोन मिनिटांत नाक असं मोकळं की आपण महाबळेश्वरला उभे आहोत! थोड्या दिवसांपलीकडे ते वापरायचे नसतात हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. मी ते चार महिने वापरले. आधी एका डोसात रात्र निघायची, मग चार तास, मग उशाशी बाटली नसेल तर जीव घाबरायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा धरून बघितलं आणि म्हणाले, ‘तुमचं नाक आता सर्दीनं बंद नाही, औषधानं बंद आहे.’ सोडवताना त्यांनी एक एक नाकपुडी सोडवली. उजवीचे थेंब बंद, डावीचे चालू, सोबत स्टेरॉइडचा फवारा. पंधरा दिवस मी अर्ध्या नाकावर जगलो. फवारा त्या थेंबांसारखा चटकन लागू पडत नाही, त्याला आठ-दहा दिवस रोज द्यावे लागतात, आणि मारायचा तो मधल्या पडद्यावर नाही तर बाहेरच्या भिंतीकडे. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मारलं की आपोआप तसा पडतो. ही युक्तीही त्यांचीच.

काहींच्या बाबतीत पाणी वाढवूनही नाक भरतंच. मग ॲलर्जी शोधायची, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा मान पहिला आहे. गाजरगवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. लवळे फाट्यापासून आत येताना, प्लॉट पाडून कुंपण घातलेल्या प्रत्येक पडीक तुकड्यात ते कमरेइतकं उभं असतं. पूर्वी तिथे भात होता. पावसाळ्यापासून पुढे त्याला पांढरी फुलं धरतात, परागकण उडतात, आणि माझं नाक मला पंचांग न बघता महिना सांगतं. मशीनला मागं फिल्टर असतो. तो महिन्यानं बदला असं पुस्तिकेत आहे. आमच्या रस्त्यावर इमारती चालू झाल्यापासून माझा पंधरा दिवसांत पाटीसारखा काळा होतो. दुसरं म्हणजे मशीन खिडकीखाली जमिनीवर टेकवू नका, जमिनीलगतची सगळी धूळ ते ओढतं. मी वीतभर उंच पाटावर ठेवलंय. पलंगापेक्षा मात्र खालीच, का ते शेवटी सांगतो.

जलनेतीबद्दल, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याबद्दल, तिघांनी विचारलंय. डोंगरापलीकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि अशा यौगिक क्रियांकडे प्रयोगशाळेच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. नेतीवर स्वतंत्र लेख लिहायचा माझा बेत जुना आहे. तूर्त एवढंच की नेतीनं मला फायदा होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या साध्या पाण्यानं नेती करणारी दोन माणसं गेली. पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत चढला. अर्ध्या लिटरला सपाट चमच्याहून थोडं कमी मीठ घ्यायचं. आणि नेती मशीन लावण्याच्या तासभर तरी आधी करा. पोकळ्यांत राहिलेलं पाणी मान वाकवून निथळू दे, नाहीतर मशीन त्याला आत ढकलत बसेल.

ताप आला, एका बाजूचा गाल किंवा डोळ्याभोवती सूज आली, कान ठणकला, नाकातून रक्त यायला लागलं तर माझा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मशीन दोन दिवस बंद ठेवायचं की नाही तेही त्यांनाच विचारा. नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर मशीन परत कधी लावायचं हे सर्जननं सांगायचं. तोंडावर चिकटपट्टी लावून झोपायची टूम सध्या फोनवर फिरतेय. चोंदलेल्या नाकाच्या माणसानं तोंडही बंद करून घेणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. तोंड मिटतच नसेल तर नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क मिळतो. नाकापेक्षा मोती जड वाटेल खरा, पण आठवड्यात सवय होते.

हे सगळं मी बाईंना आधीच फोनवर सांगितलं होतं. परवा त्यांचा उलट फोन आला. टाकी भरली, आकडा चारवर नेला, तिसऱ्या रात्रीपासून पहाटेचं नाक मोकळं. ‘पण आता नळीत हुक्क्यासारखं गुडगुडतं, आणि काल पाण्याचा थेंब नाकावर पडून मी दचकून उठले.’

अपेक्षितच होतं. गरम ओली हवा गार खोलीतल्या गार नळीतून जाते, वाटेत तिचं पाणी होतं. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, इथे आतून येतो. मशीन पलंगापेक्षा खाली असलं की ते पाणी नाकाकडे न येता टाकीकडे ओघळतं, पाटाचं कारण हे. तापणारी नळी विकत मिळते, महाग आहे. मी घेतलेली नाही. नळी पांघरुणाखालून घेतली तरी निम्मं काम होतं. उरलेलं काम माझ्या बायकोनं जुन्या सुती लुगड्यातून नळीला खोळ शिवून केलं : सहा फूट लांब, पाच इंच रुंद पट्टी, दुहेरी कापड, मध्ये गोधडीचा थोडा कापूस, लांबीला एकच शिवण. दोन्ही टोकं उघडी ठेवायची आणि दर रविवारी खोळ काढून धुवायची. नळी धुवायचा दिवसही तोच.