साडेसहाचा कार्यक्रम रात्री बाराला!

२०१९ सालच्या खरिपातील गोष्ट आहे. मक्यावरील नवी लष्करी अळी आपल्याकडे येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. भारतात ती प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी तिने आपल्या राज्यातही पाय रोवले. शेतकऱ्यांना ती ओळखता येत नव्हती. नेहमीची अळी समजून लोक नेहमीचेच औषध मारीत होते, आणि अळी पोंग्यात सुखाने खात बसलेली असे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी बैठक होती. बैठकीत मी सांगितले, की येत्या बुधवारी म्हणजे १० जुलैला दूरदर्शनवर या अळीसंबंधी शास्त्रज्ञांची मुलाखत आहे, ती मका केलेल्या प्रत्येक घराने पाहावी. सगळे सांगितले, पण किती वाजता हे सांगायचे राहून गेले. त्यातून पुढचा घोटाळा झाला.

त्या गावात एका घरी संगणक आहे. घरातला मुलगा तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. त्याने जुन्या संगणकाला टीव्हीचा ट्यूनर जोडून आठवड्याच्या कार्यक्रमांची पत्रिका पडद्यावर आणली होती. कोणता कार्यक्रम कधी आहे ते त्यात दिसे आणि खूण केली की तो आपोआप रेकॉर्डही होई. गावाला त्याचे मोठे कौतुक. शेजारच्या काकूंचा दीड एकर मका विहिरीच्या पाण्यावर जूनच्या मध्याला पेरलेला होता. त्यांच्या घरचा टीव्ही बंद पडलेला. त्या विचारायला आल्या तेव्हा मुलाने पडद्यावर पाहून सांगितले, "काकू, रात्री बाराला आहे. तुम्ही कशाला जागताय? मी रेकॉर्ड करून ठेवतो, सकाळी या."

सकाळी काकू मुलीला घेऊन आल्या. औषधाचे नाव व प्रमाण लिहून घ्यायला मुलीच्या हातात वही होती. मुलाने रेकॉर्ड केलेले लावले, तर जुन्या सिनेमातली गाणी! काकू काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या नि उठून गेल्या. त्या बोलल्या नाहीत, हेच त्या मुलाला फार लागले. त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता.

मी शनिवारी गेलो. आधी मका पाहिला. पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचलेली होती. खाली अळ्या चांगल्या पोसलेल्या, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. अळी लहान असताना औषध लागू पडते. मोठी झाली की ती विष्ठेच्या बुचाखाली दडते आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. काकूंना पोंग्यात औषध पडेल अशी फवारणी करायला सांगितले. पुढे त्यांना दुसरीही करावी लागली. मग मुलाच्या घरी गेलो. संगणकातले मला फारसे कळत नाही, पण बिघाड शोधायची रीत पिकाची काय अन् यंत्राची काय, सारखीच असते. मुळापासून पाहत जायचे.

पूर्वी अशी पत्रिका लागतच नव्हती. दिल्लीहून 'कृषिदर्शन' २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. कित्येक वर्षे वाहिनी एकच होती नि वेळ सर्वांना पाठ असे. आता वाहिन्यांची गर्दी झाली आहे. डीडी किसान ही शेतीसाठी वेगळी वाहिनीही २६ मे २०१५ पासून सुरू झाली. मुलाखत कुठल्या वाहिनीवर आणि कोणत्या वेळी, हे हुडकण्यातच अर्धी माणसे कंटाळतात. सेट टॉप बॉक्सवर बहुधा आता काय चालू आहे आणि पुढे काय आहे एवढेच कळते. संगणकावर आठवड्याची यादी एका नजरेत येते, त्यात 'मका' किंवा 'दूध' असे शब्द टाकून शोधता येते, आणि कामाच्या वेळी कार्यक्रम असला तर तो साठवता येतो. बायकामाणसांना याचा उपयोग अधिक, कारण संध्याकाळी ज्या वेळी शेतीचे कार्यक्रम असतात त्याच वेळी धारा काढायच्या आणि चूल पेटवायची असते.

त्या मुलाने केलेली मांडणी साधी होती. घरावर डीडी फ्री डिशची छत्री, तिला महिन्याची वर्गणी नाही. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि बरेच वर असते. छत्रीची वायर सेट टॉप बॉक्सऐवजी ट्यूनरला आणि ट्यूनर संगणकाला. ट्यूनर उपग्रहाचा पाहिजे. केबलचा किंवा जुन्या अँटेनाचा ट्यूनर इथे चालत नाही, आणि दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही. संगणकावर टीव्हीहेडएंड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम. तो एकदा बसवला की घरातल्या मोबाइलवरही ती पत्रिका उघडता येते.

पत्रिकेतली माहिती येते कुठून? चित्र आणि आवाज यांच्याबरोबर आकाशातून छोटी छोटी कोष्टकेही सारखी फिरत येत असतात. आता काय चालू आहे, पुढे काय आहे, आणि प्रसारण करणाऱ्याने पाठवले असेल तर पुढच्या काही दिवसांचेही. संगणक ती गोळा करून यादी बनवतो. मात्र निरनिराळ्या वाहिन्या निरनिराळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात आणि ट्यूनर एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बसतो. विहिरीवर मोटार एकच असली की एका वेळी एकाच वाफ्याला पाणी जाते, तसेच हे. म्हणून घरात कोणी टीव्ही पाहत नसेल अशा वेळी संगणकाने एकेक फ्रिक्वेन्सी फिरून माहिती भरावी लागते. त्या मुलाच्या संगणकावर ही वेळ रात्री दोनच्या आणि दुपारी दोनच्या सुमाराची होती.

आणि इथेच पहिली गाठ सापडली. घरातले आबा रोज रात्री झोपताना मेन स्विच खाली ओढीत. विजेची भीती, आणि बिलाचीही. रात्री दोनला संगणक बंदच. दुपारी दोनला घरात मालिका चालू, म्हणून ट्यूनर मोकळा नाही. परिणाम असा, की पत्रिकेतल्या निम्म्या वाहिन्या कोऱ्या. मुलाला वाटले, या वाहिन्यांवर माहिती येतच नाही. म्हणून त्याने स्वतः कष्ट घेतले. वर्तमानपत्रातून आणि इकडूनतिकडून वेळा जमवून त्याने शेतीच्या कार्यक्रमांची यादी हाताने टाइप केली आणि संगणकाला दिली.

अशी यादी देण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिला एक्सएमएल टीव्ही म्हणतात. प्रत्येक कार्यक्रमाला एक नोंद असते, तीत वाहिनीची खूण, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि नाव. वेळ सलग आकड्यांत लिहितात. आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद. १० जुलै २०१९ च्या संध्याकाळी साडेसहासाठी त्याने २०१९०७१०१८३००० असे लिहिले होते. (फाइलमध्ये आकडे इंग्रजीच घालावे लागतात.) पाहायला गेले तर एकही आकडा चुकला नव्हता. पण वेळेनंतर थोडी जागा सोडून अधिक ०५३० असे लिहावे लागते, म्हणजे ही वेळ भारताची आहे हे संगणकाला कळते. ते नसेल तर संगणक ती जागतिक प्रमाण वेळ समजतो. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, म्हणून तो इमानाने साडेपाच तास मिळवतो. साडेसहा अधिक साडेपाच, बरोबर बारा!

हे कळले तेव्हा मुलाने डोक्याला हात लावला. मी म्हणालो, "अरे, मी तर वेळच सांगितली नव्हती. तुझी साडेपाच तासांनी चुकली, माझी सगळीच." त्यावर तो पहिल्यांदा हसला.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. प्रत्येक वेळेपुढे अधिक ०५३० घातले आणि फाइल पुन्हा वाचायला लावली. असाच दोष उलट बाजूनेही होतो. फाइल बरोबर असते, पण संगणक बसवताना प्रदेश म्हणून भारत निवडलेला नसतो. मग साडेसहाचा कार्यक्रम दुपारी एकला दिसतो. कार्यक्रम बरोबर साडेपाच तासांनी मागे किंवा पुढे गेलेला दिसला, की दुसरीकडे कुठे शोधत बसू नये, दोष याच दोन जागी असतो. पत्रिका बरोबर आहे का हे पाहायची सोपी युक्ती म्हणजे बातम्या. बातम्यांची वेळ घरात सर्वांना ठाऊक असते. पत्रिकेत बातम्या आपल्या जागी दिसल्या, की त्या वाहिनीच्या वेळा बरोबर आहेत असे समजावे. हाताने भरलेल्या यादीला मात्र ही परीक्षा पुरत नाही, तिच्यातली एकतरी नोंद टीव्ही लावून पडताळावी.

आबांचे काय? त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरे म्हणजे वळवाच्या दिवसांत त्यांचे बरोबरच होते. कडाडायला लागले की संगणकाची पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवलेली बरी. म्हणून माहिती भरायची वेळच बदलली. पहाटे पाचला आबा उठतात, मेन स्विच वर करतात आणि चहा ठेवतात. मुलाने संगणक असा लावला की वीज आली की तो आपण होऊन सुरू होतो, आणि सव्वापाचला माहिती भरायला लागतो. त्या वेळी मालिका नाही, कोणाची अडचण नाही. आठ दिवसांत कोऱ्या वाहिन्यांपैकी काही भरून आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी हाताची यादी चालू राहिली.

पण रोज असे पूर्ण बंद होण्याने दुसरा एक दोष पुढे दिवाळीत निघाला. सकाळी पाहावे तर पत्रिका साफ रिकामी आणि कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षे मागची. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. जुन्या संगणकात तो संपलेला असतो, आणि वीज गेली की घड्याळ जुन्या तारखेवर जाते. मग आजचे सगळे कार्यक्रम त्याला पुढच्या जन्मातले वाटतात. संगणक पूर्ण बंद करून, पिन काढून, तो सेल बदलावा. सेल घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फ्री डिशवरील वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे वाहिन्या येतात, जातात, सरकतात. पत्रिकेतले नाव एका वाहिनीचे आणि रेकॉर्ड होते दुसरीच, असे झाले की वाहिन्या पुन्हा शोधायला लावून यादीतली खूण ज्या त्या वाहिनीशी नव्याने जोडावी लागते. एप्रिलच्या सुमारास हे काम एकदा निघतेच. रेकॉर्डची खूण करताना पाच मिनिटे आधीपासून आणि दहा मिनिटे नंतरपर्यंत अशी सूट द्यावी. कार्यक्रम मागेपुढे होतात, आणि औषधाचे प्रमाण नेमके शेवटी सांगतात.

काकूंचा मका त्या वर्षी काही अंशी गेला, बराच हाती लागला. त्यांचा टीव्ही पुढे दुरुस्त झाला, तरी शेतीचा कार्यक्रम पाहायला त्या अजून त्याच घरी येतात. तो मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. दर रविवारी त्याची आई पुढच्या आठवड्याची यादी पडद्यावरून पाहून एका कागदावर उतरवते आणि दाराला चिकटवते. मीही बैठकीला गेलो की आधी तो कागद पाहतो आणि मगच वेळ सांगतो.